पोच

घरातून कोणी बाहेरगावी निघाले की उंबऱ्याशी दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक, ‘सांभाळून जा’ आणि दुसरे, ‘पोचलास की कळव’. पहिल्याला उत्तर नसले तरी चालते. दुसऱ्याचे उत्तर येईपर्यंत घरातले कोणीतरी जागे असते. या उत्तराला मराठीत ‘पोच’ म्हणतात. पत्राची पोच, पैशाची पोच, निरोपाची पोच. शिवाय कोणाला केव्हा काय बोलावे, कोठे गप्प राहावे हे ज्याला उमगत नाही, त्याला ‘काही पोचच नाही’ असेही आपण म्हणतो. हे दोन अर्थ एका शब्दात एकत्र नांदतात याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. आज मोबाइलच्या पडद्यावरच्या दोन निळ्या खुणांवरून नवराबायकोत अबोला होतो, जुने मित्र दुरावतात, चुलत घरांत कुरबुरी होतात. त्या खुणांचे कूळ शोधायचे तर आपल्याला थेट पेशवाईच्या दप्तरात शिरावे लागते.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतले कोणतेही खासगी पत्र उघडावे, सुरुवातीलाच एक ठरीव वळण भेटते: येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जाणे. म्हणजे आमचे बरे आहे, तुमचे कळवा. त्यानंतर ‘विशेष’ म्हणून खरा मजकूर, आणि त्यातही पहिली गोष्ट बहुधा अशी की तुम्ही पाठवलेले पत्र पावले, मजकूर समजला. ‘पावणे’ हे क्रियापद आपल्याकडे देवाला लागते आणि पत्रालाही लागते. त्या काळच्या वाटा लक्षात घेतल्या तर त्यात नवल नाही. पत्र हाती आले की ते केव्हा आले, याचीही नोंद ‘पै॥’ अशी खूण करून कागदावर होई. ‘पै॥’ म्हणजे पैवस्ती, दाखल झाले. पुढे ‘छ’ लिहून चांद्रमासाची तारीख घातली जाई. आज इतिहासाच्या अभ्यासकाला पत्र किती दिवसांत पोचले हे सांगता येते ते या दोन अक्षरांच्या जोरावर. मात्र ही खूण घेणाऱ्याच्या घरी राही. पाठवणाऱ्याला ती दिसत नसे. त्याला पोच मिळायची ती उलट जबाबातूनच, आणि तो आणणारी जासूद जोडी केव्हा परतेल याचा नेम नसे. जासूद जोडीने धाडत, कारण वाटेत एक आजारी पडला, लुटला गेला, नदीच्या पुराला अडला, तर दुसऱ्याने पुढे जावे. महत्त्वाच्या पत्राची दुसरी प्रत निराळ्या वाटेने रवाना करण्याचीही रीत होती. निरोप हरवणार हे गृहीत धरूनच सारी व्यवस्था उभी होती.

ती व्यवस्था तुटली म्हणजे काय होते, हे १७६० च्या हिवाळ्यात दिसले. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतापाशी यमुना ओलांडली आणि तो भाऊसाहेबांची फौज व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. पत्रांच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते, पण पुढच्या गोटातून खबर येईना. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झाले ते त्यांना कळले जानेवारी सरता सरता, भेलशाच्या परिसरात, आणि तेही आपल्या माणसाकडून नव्हे. एका सावकारी कासिदाजवळचे पत्र हाती पडले. त्यात मोत्यांचा, मोहरांचा आणि नाण्यांचा हिशेब होता. सावकारी सांकेतिक भाषेत ती मेलेल्या माणसांची गणती होती. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो याच काळच्या पत्रांचा. ती वाचताना तोफांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करते ती पत्रे पोचताहेत की नाहीत ही पत्रलेखकांची विवंचना.

राजकारण्यांपेक्षा सावकार या बाबतीत पक्के. हुंडी हरवली तर ‘पेठ’, म्हणजे तिची दुसरी प्रत, आणि तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत. अलीकडच्या राजकारणात गाजलेल्या खोक्यांशी वाचकांनी तिचा संबंध जोडू नये.

इंग्रजी अमलात पत्राचा हा सारा जुगार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशात कोठूनही कोठेही साधे पत्र अर्ध्या आण्यात जाऊ लागले. आधी अंतराप्रमाणे आकार पडे आणि तो पुष्कळदा घेणाऱ्याच्या खिशातून जाई. नव्या व्यवस्थेतही तिकीट न लावता पत्र टाकण्याची मुभा राहिली. अशा ‘नॉटपेड’ पत्राला घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करीत. गंमत अशी की कित्येकांना हीच पद्धत पसंत पडली. पैसे वसूल करायचे म्हणजे डाकवाला घर शोधत येणारच, हा त्यामागचा हिशेब. इंग्लंडात १८४० मध्ये पेनी पोस्ट सुरू झाले, त्याच्या आधीच्या काळातली कवी कोलरिजची एक कथा पुढे वर्षानुवर्षे सांगितली जात असे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये एक बाई आलेले पत्र उलटसुलट पाहून परत करीत होती; पैसे नाहीत म्हणाली. कोलरिजने कनवाळूपणाने एक शिलिंग मोजून ते सोडवले. पोस्टमन गेल्यावर बाईने सांगितले, आत कोरा कागद आहे. भाऊ खुशाल असला की असे कोरे पत्र पाठवतो, मी ते वरून पाहते आणि परत करते. खुशाली कळली, खर्च शून्य! या बाईला आपण विसरू नये. दीडशेहून अधिक वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

ज्या वर्षी अर्ध्या आण्याचे पत्र आले, त्याच १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कागदोपत्री संबंध नाही, पण कोकणच्या आणि घाटावरच्या हजारो घरांत त्यांची गाठ पडली. नवरा गिरणगावात, बायको गावाकडे. मध्ये आगबोट, आणि तीही पावसाळ्यात बंद. या घरांना जोडून ठेवले ते दोन कागदांनी. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १ जानेवारी १८८० ला मनिऑर्डर. मनिऑर्डर म्हणजे नुसते पैसे असे शहरी माणसाला वाटते. तिच्या फॉर्मला खाली एक कुपन असे, त्यावर चार ओळी मावत: पाऊस पडला का, गाय व्याली का, पोराला शाळेत घाला. लिहिता येत नसलेल्यांसाठी मुंबईच्या जीपीओबाहेर लेखनिक बसत. फॉर्म भरून देणे आणि मनातले त्या चार ओळींत बसवणे, दोन्ही कामे तेच करीत. फॉर्मचा दुसरा एक भाग पोस्टमन गावात पैसे देताना सही घेऊन परत पाठवी. ती पोच. सही येत नसली तर अंगठा.

आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत अशा पावत्यांचे सुतळीने बांधलेले एक पुडके होते. कागद पिवळे पडलेले, गोल शिक्के पुसट, आणि प्रत्येकावर आजीचा डाव्या हाताचा अंगठा. लहानपणी ते पाहताना मला सगळे ठसे सारखेच वाटत. नीट पाहिल्यावर लक्षात आले की सारखे नाहीत. एखादा ठसठशीत, एखादा ओझरता, एकावर अंगठ्याच्या मधोमध तिरपी पांढरी रेघ. विळीने कापले असावे. आजोबांनी बत्तीच्या उजेडात ती रेघ पाहिली असेल का, आणि पुढच्या कुपनावर विचारले असेल का, हे आता कोणाला विचारावे?

या काळात लोकांनी पोस्टखात्याच्या नियमावलीत नसलेली स्वतःची एक खुणांची भाषाही घडवली. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. मृत्यूची वार्ता असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला. असे कार्ड घरात ठेवायचे नाही, वाचून फाडून टाकायचे. तार आली म्हटले की उघडण्याआधीच बायका रडू लागत. परीक्षेत पास झाल्याचीही तार येऊ शकते हे त्या आकांतात कोण ऐकणार? ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कोर्टकचेरीच्या लोकांची लाडकी ‘रजिस्टर ए. डी.’, म्हणजे सही करून परत येणाऱ्या पोचपावतीची रजिस्टर टपाल, तिचेही स्वतंत्र अस्तित्व १ सप्टेंबर २०२५ ला स्पीड पोस्टात विलीन झाले.

टेलिफोनचा इतिहास येथे धावत ओलांडू. मुंबईत १८८२ मध्ये एक्स्चेंज निघाले तरी पुढची शंभर वर्षे तो बहुतेकांना शेजाऱ्याकडेच भेटला. पत्त्याखाली ‘पी. पी.’ लिहून शेजाऱ्याचा नंबर देत, आणि निरोपाची पोच देणारा सगळा मजला असे. पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, मीटरवर नजर ठेवून बोलणे आले. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, आणि कॉल महाग होता त्या वर्षांत लेक डिस्ट्रिक्टची ती बाई आपल्याकडे अवतरली. ‘पोचलास की मिस्ड कॉल दे.’ एक रिंग, कट. कोऱ्या कागदाचे पत्र, न स्वीकारता वाचलेले. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे उचल, काम आहे. प्रत्येक घराचा कोश वेगळा.

एसएमएसचा जन्म तर पोचेवाचूनच झाला. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडात नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून एका फोनवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. घेणाऱ्याच्या फोनवरून उलट संदेश लिहिण्याची सोयच नव्हती. ती उणीव पुढच्या यंत्रांनी व्याजासकट भरून काढली. ब्लॅकबेरीच्या मेसेंजरने २००५ मध्ये संदेशापुढे ‘डी’ आणि ‘आर’ ही अक्षरे आणली, पोचला आणि वाचला. २००९ मध्ये व्हॉट्सॲप आले. त्याची एक खूण म्हणजे निघाला, दोन म्हणजे पोचला. नोव्हेंबर २०१४ मध्ये वाचल्यावर त्या दोन खुणा निळ्या होऊ लागल्या. ओरड इतकी झाली की थोड्याच दिवसांत ती सोय बंद करण्याचीही सोय द्यावी लागली, तीही अशा अटीवर की तुम्ही आपली पोच लपवलीत तर दुसऱ्याची तुम्हाला दिसणार नाही. आणि ग्रुपमध्ये ती लपवता येत नाहीच.

पेशव्यांच्या कारकुनापासून आपण येथवर आलो, तो सगळा रस्ता पोच लवकर मिळावी या धडपडीचा होता. ती मिळाली, पण वाटेत एक अदलाबदल झाली. ‘पै॥’ कारकून लिहीत होता, पावतीवर अंगठा आजी उमटवत होती, रिंग देणारा पोरगा आठवणीने देत होता. निळी खूण कोणीच देत नाही; ती यंत्र काढून घेते. आणि तिच्यापायी एक जुना शब्दप्रयोग आपल्या हातून गेला: ‘पत्र मिळाले नसेल’. किती नाती या तीन शब्दांनी तगवली! भाऊ लिहीत नाही म्हणून रुसलेल्या बहिणीची समजूत आई पोस्टखात्याला शिव्या घालून काढी. नदीला पूर, पोस्टमन रजेवर, पत्ता चुकला. दोष घ्यायला कोणीतरी तिसरा असे. आता तिसरा उरला नाही. चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीचे आमंत्रण घरच्या ग्रुपवर पडले, तेव्हा वहिनीने संदेश दाबून धरून यादी काढली आणि कोणी किती वाजून किती मिनिटांनी वाचले ते मोठ्याने म्हणून दाखवले. उत्तर न देणाऱ्यांत मीही होतो. रात्री दहा अठ्ठावीसला वाचले होते म्हणे.

माणसे अर्थात गप्प बसत नाहीत. माझी भाची कोणताही संदेश उघडत नाही. वरून घसरत येणाऱ्या पट्टीवर जेवढे दिसते तेवढे वाचते आणि बाजूला सारते. कोऱ्या पत्राची बाई तिला माहीत नाही, कला मात्र तीच.

गेल्या पावसाळ्यात गावातल्या एका वृद्ध शेजाऱ्यांच्या निधनाची बातमी त्या ग्रुपवर आली. हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत मध्येच एक पिवळाधमक उभा अंगठा उमटला. तो आत्याचा होता. तिचे वय ब्याऐंशी. पुण्याच्या चुलतबहिणीला राहवले नाही. तिने फोन लावला आणि असा अंगठा म्हणजे ‘छान झाले’ असा अर्थ होतो, हे तिला समजावून सांगितले. आत्या म्हणाली, “मिळालं, म्हणून कळवलं. आईच्या वेळेपासून अंगठाच द्यायचा असतो ना?”

“अगं, तू वाचलंस ते तसंही कळतं सगळ्यांना. निळी खूण येते.”

“येत असेल,” आत्या म्हणाली, “पण ती मी कुठे दिली?”