जालन्याची करडई : पान, बी आणि न वेचलेले फूल

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या पेरली गेलेली करडई म्हणजेच संस्कृत ग्रंथांतील ‘कुसुंभ’ आणि चिनी वैद्यकातील ‘होंगहुआ’, अर्थात तांबडे फूल. अन्न आणि औषध यांच्या सीमेवर उभी असलेली ही वनस्पती दोन्ही देशांनी स्वयंपाकघरात आणली. मात्र चीनने तिचे फूल स्वीकारले, तर जालना परिसराने पान आणि बी.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला असला, तरी पूर्णा, दुधना आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतील त्याची कोरडवाहू शेती फार जुनी आहे. करडईचे सोटमूळ खोल जाऊन जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक तगवते, त्यामुळे पावसाळा सरल्यावर पेरलेली करडई पुढे पाणी न मिळताही हाती लागत असे. ज्वारीत मधूनमधून तिची तासे, म्हणजे पेरणीच्या ओळी, टाकीत आणि शेताच्या कडेनेही तिची रांग धरीत. कारण वाढलेल्या झाडाच्या काटेरी पानांमुळे मोकाट गुरे आत शिरत नसत. अशा रीतीने एकच पीक शेताला कुंपण, घराला तेल आणि चुलीला भाजी पुरवीत होते.

भाजीचा काळ अगदी थोडा असतो. पेरणीनंतर साधारण महिनाभरात, पानांच्या कडांचे काटे टणक होण्यापूर्वी, विरळणीत उपटलेली कोवळी रोपे घरी आणली जातात. ती निवडून, धुऊन व बारीक चिरून, भिजवलेल्या मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीबरोबर लसूण व मिरचीच्या फोडणीत परततात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. आयुर्वेदाच्या परिभाषेत कुसुंभाचे पान उष्ण, म्हणजे शरीरात ऊब निर्माण करणारे, मानले आहे. शेतात कोवळी करडई मिळण्याचे दिवसही नेमके थंडीच्या तोंडाचे असल्याने ऋतू, पीक आणि पथ्य यांचा मेळ येथे आपोआप बसला.

तेलाच्या बाबतीत मात्र ग्रंथ आणि लोकव्यवहार यांत लक्षणीय अंतर दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अपथ्यकर पदार्थांची गणना करताना वनस्पतिजन्य स्नेहांमध्ये कुसुंभाचा स्नेह सर्वांत अहितकर ठरविला आहे. तरीही मराठवाड्यातील कुटुंबांनी लाकडी घाण्यावर काढलेले करडईचे तेल रोजच्या जेवणात वापरले आणि तेच कोमट करून दुखऱ्या सांध्यांना चोळले. आधुनिक आहारशास्त्राने या तेलातील लिनोलेइक आम्लाचे मोठे प्रमाण दाखवून दिल्यावर त्याला शहरी बाजारातही प्रतिष्ठा मिळाली.

चीनमध्ये या वनस्पतीचा प्रवास फुलाच्या वाटेने झाला. पूर्व हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेल्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या नावावरील ग्रंथात स्त्रियांच्या पोटदुखीवर ही फुले मद्यात घालून निम्मे उरेपर्यंत आटविण्याचा पाठ आहे; आपल्याकडील काढ्याशी त्याचे साम्य सहज ध्यानात येते. रक्ताचे चलन वाढविणारे द्रव्य म्हणून वाळलेल्या पाकळ्या मद्यात, चहात आणि सारात चिमूटभर घालण्याची रीत तेथे रुजली, आणि त्याच गुणामुळे गर्भवतीला त्या वर्ज्य ठरल्या.

भारतातही फूल निरुपयोगी नव्हते. पण ते प्रामुख्याने रंगाऱ्याकडे गेले. पाकळ्यांतील पिवळा रंग थंड पाण्याने वारंवार धुऊन काढल्यावर उरलेला तांबडा रंग खाराच्या पाण्यात उतरवीत आणि लिंबासारख्या आंबट द्रव्याने तो कापडावर बसवीत. ‘कुसुंबी’ हा मराठी शब्द या रंगाची आठवण जपतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त कृत्रिम रंग आल्यावर हा व्यवसाय मोडला. रंगाऱ्याची मागणी सरली आणि स्वयंपाकघरात फुलाला आधीपासूनच जागा नव्हती, त्यामुळे पाकळ्या झाडावरच वाळू लागल्या, असे या इतिहासावरून म्हणता येते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीन व कपाशीने करडईची जमीन व्यापली, आणि काटेरी पिकाच्या कापणीला मजूर मिळणेही कठीण झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी वाण तयार करून पाकळ्यांच्या चहाचा पुरस्कार केला; शतकभर न वेचलेल्या फुलाला अन्नात स्थान देण्याचा हा प्रयत्न मोलाचा आहे.

चीनमध्ये फुले वेचणारे आणि मराठवाड्यात करडई कापणारे हात कधी भेटले नाहीत, तरी दोघांनीही पहाटेची वेळ निवडली, कारण दहिवराने काटे मऊ पडतात. हे शहाणपण, तसेच कोणत्या दिवसापर्यंत पान खुडावे याची जाण, पिकासोबतच टिकते. म्हणून जालन्याच्या शेतात ज्वारीच्या कडेला करडईचे एक तास तरी पेरले जाणे अगत्याचे आहे.