कस्तुरबा आणि आशालताबाई

संध्याकाळी 'चार दिवस सासूचे' सुरू झाले की मी पेपर घेऊन ओट्यावर जायचो. रोहिणी हट्टंगडी मूळच्या पुण्याच्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. 'गांधी' (१९८२) मध्ये तिशीच्या आसपास त्यांनी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतच्या कस्तुरबा उभ्या केल्या. ब्रिटनचा 'बाफ्टा' पुरस्कार मिळाला. त्याच बाई २००१ ते २०१३, ३००० हून अधिक भाग, आशालता देशमुख झाल्या. एवढी मोठी नटी सासू-सुनांत अडकली, असे मी म्हणे. सौ. म्हणायची, "अहो, कस्तुरबा तीन तासांत संपल्या. या रोज आपल्या घरी येतात."

आज सौ. नाही. रोज तेच काम मन लावून करणे किती अवघड, हे नगरच्या शाळेत ३५ वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मास्तराला तेव्हाच कळायला हवे होते.