हौदा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मालमोटारी येऊन लागतात, मागची फळी खाली पडते आणि हमाल हौद्यात चढतात. मोटारीच्या ज्या भागात माल भरतात त्यास मराठीत हौदा हेच नाव रूढ झाले असून वर्तमानपत्रेही तेच लिहितात. कांद्याबटाट्यांच्या पोत्यांना गजराजाच्या पाठीवरील आसन मिळावे, ही गोष्ट मौजेची खरी. परंतु या शब्दाचा प्रवास त्याहूनही लांबचा आहे.

मूळ शब्द अरबी 'हौदज'. उंटाच्या पाठीवर स्त्रियांसाठी जी आच्छादित डोली बांधीत, तिचे हे नाव. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला आणि उंटावरून हत्तीवर चढला. छत असलेली ती अंबारी व उघडा तो हौदा, असा भेद आपल्याकडे सामान्यतः करतात. आकारसाम्यामुळे पाण्याच्या हौदाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण हौद निघाला तो 'हौज' या निराळ्या अरबी शब्दापासून. पेशव्यांनी कात्रजचे पाणी ज्या हौदांत खेळविले, ते या हौद्याचे कोणी लागत नाहीत.

रणांगणावर हौदा ही सेनानायकाची खूण असे. 1556 मध्ये पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण शिरला, तो हौद्यात कोसळला आणि जिंकत आलेली फौज पळत सुटली. 1658 मध्ये सामूगढ येथे दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. हौदा रिता दिसताच धनी पडला असे समजून सैन्य फुटले. तरीही 14 जानेवारी 1761 रोजी, विश्वासराव पडल्यावर, सदाशिवरावभाऊंनी हत्ती सोडून घोडा घेतला, आणि पुन्हा तसेच घडले असे सांगतात. शंभर वर्षांपूर्वीचा धडा कोणाच्या ध्यानी राहिला नसावा!

बैलगाडीसाठी 'साटी' हा शब्द घरचाच होता. मालमोटारीने तो न घेता हौदा उचलला, याचे कारण उंची असावे. साटीतले पोते उभ्याउभ्या पाठीवर घेता येते. हौद्यातले दुसऱ्याने वरून द्यावे लागते. या उतरवणीच्या मजुरीस बाजारात 'वाराई' म्हणतात, आणि ती मालधन्याने द्यावी की मोटारवाल्याने, यावरून तंटे होत आले आहेत. ओझे वाहणाऱ्यांच्या मजुरीला व हक्कांना महाराष्ट्रात 1969 साली कायद्याचा आधार मिळाला. त्याच्या नावात माथाडी व हमाल हे दोन्ही शब्द आहेत. त्यांपैकी हमाल हौद्याप्रमाणेच अरबी, माथाडी मात्र आपल्या माथ्यावरून आलेला.