तुर्कतंतू आणि कळलावीचे विष

पेशी दुभंगण्याआधी तिच्यात तुर्कतंतूंचा तात्पुरता सांगाडा उभा राहतो. गुणसूत्रे त्याला धरून मध्यावर रांगेत येतात आणि मग दोन ध्रुवांकडे खेचली जातात. वाल्थर फ्लेमिंग यांनी 1882च्या ग्रंथात हे दृश्य रेखाटले. मात्र पाहण्यासाठी पेशी आधी रसायनात मारावी लागे; धागे त्या रसायनानेच उमटतात, हा आक्षेप पुढे सत्तर वर्षे टिकला.

तो खोडून काढण्यात ज्या विषाचा हात आहे, ते अच्छाडपासून डहाणूपर्यंत पावसाळ्यात झुडपांवर चढणाऱ्या कळलावीतही असते. तिच्या पानाचे टोक वळून आधार पकडते. बुडाशी पिवळ्या, वर लाल पाकळ्या मागे उलटतात. नांगराच्या आकाराचा कंद जहाल असतो. 1915 मध्ये तिच्यात हे विष, म्हणजे कोल्चिसिन, आढळले. युरोपात ते तिच्याच कुळातल्या कोल्चिकममधून 1820 मध्येच वेगळे झाले होते.

1889 मध्ये पालेर्मोच्या बियाजो पेर्निचे यांना कोल्चिकमची विषबाधा झालेल्या कुत्र्यांच्या आतड्यात अर्ध्यावर अडलेली पेशीविभाजने दिसली. ही नोंद विस्मरणात गेली. तंतूंच्या खरेपणाचीच खात्री नसताना त्यांच्यावरच्या विषाचे मोल कळणे अवघड होते, हेच त्याचे कारण असावे. 1934 मध्ये ब्रुसेल्सच्या आल्बेर दुस्तँ यांनी तोच परिणाम नव्याने मांडला.

तंतू खरे की रसायनाचा परिणाम, याचा निकाल शिन्या इनुए यांनी लावला. ध्रुवित प्रकाशात त्यांना जिवंत पेशीतच तंतू दिसले. कोल्चिसिनने ते विरले. थंडीनेही विरत, पण ऊब मिळताच परतत. मेलेल्या पेशीतला डाग असा येत-जात नाही.

विष तंतू तोडते की त्यांची बांधणी रोखते, हा पुढचा प्रश्न. 1967 मध्ये गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून ते चिकटणारे प्रथिन शोधले. ते विभागणाऱ्या पेशींत मिळाले, तसे मेंदूतही भरपूर मिळाले. हेच ट्युब्युलिन, तुर्कतंतू ज्या सूक्ष्मनलिकांचे बनतात त्यांची वीट. कोल्चिसिन सुट्या ट्युब्युलिनला चिकटते आणि टोकाला नवी भर पडू देत नाही. टोकाकडून सुटणे चालूच राहते, म्हणून तंतू आटतो. बांधणी रोखण्याचा पक्ष इथे सरस ठरतो, आणि त्यातून सांगाड्याचा स्वभावही उलगडतो: तो उभा असताना सतत मोडत आणि जुळत असतो. 1984 मध्ये टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी नलिका वाढता वाढता अचानक ढासळते, हे दाखवले. अशा वाढण्या-ढासळण्याच्या चाचपणीतूनच नलिकांची टोके गुणसूत्रांपर्यंत पोहोचतात.

आजही गुणसूत्रांच्या तपासणीत कोल्चिसिन किंवा त्याच्या जातीचे द्रव्य घालून पेशी मध्यावस्थेत अडवतात. तेव्हाच गुणसूत्रे मोजता येतात.