मुरी: दख्खनच्या एका बोटभर माशाची नोंद

पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. नव्याने हाती आलेल्या मुलखात काय पिकते, माणसे किती, सारा किती बसतो, हे सारे कंपनी सरकारला कागदावर हवे होते. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची या पाहणीवर नेमणूक केली. पुणे, नगर, खानदेश, धारवाड असा त्यांच्या फिरतीचा टापू. शेतसारा आणि शिरगणतीच्या तक्त्यांबरोबरच साइक्स यांनी इथले पक्षी, प्राणी आणि मासे टिपून ठेवले. मासे म्हणजे नुसते बाजारात मान असलेले मोठे मासे नव्हेत. ओढ्यानदीच्या तळाशी खडीच्या आडोशाने राहणारी, बोटाएवढी मुरीसुद्धा त्यांच्या यादीत आली.

ही यादी १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तान्तात छापली गेली आणि १८४१ मध्ये चित्रांसह पुन्हा सविस्तर आली. चाळीसहून अधिक जाती, त्यांतल्या बहुतेक शास्त्राला तोवर अपरिचित. ठिकाणे आपल्या ओळखीची: पुण्याची मुळा-मुठा, पेडगावजवळची भीमा, शिरूरची घोड नदी, चाकणजवळची इंद्रायणी. मासे ताजे असतानाच मोजमाप घेऊन त्यांची चित्रे काढवली होती आणि चित्रासोबत मापाची पट्टीही दिली होती.

साइक्स यांनी आणखी एक गोष्ट केली आणि दोनशे वर्षांनंतर तीच सर्वांत मोलाची ठरते. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावे घेतली. पुढे कुणी अभ्यासक या मुलखात आला तर त्याला नाव सांगून तोच मासा मागता यावा, हा त्यामागचा हेतू त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यामुळे खुद्री, कोळस, मळ्या, शिंगटी ही नदीकाठची नावे लॅटिन वळणाच्या शास्त्रीय नावांत जाऊन बसली आणि आजही ती ग्राह्य आहेत. त्याच रांगेत ‘कोबायटिस मूरेह’ आली. इंग्रजी कानाने ऐकलेली आपली मुरी.

मुरी ओळखायची कशी? हातात घेतली की ती बुळबुळीत लागते, कारण खवले अगदी बारीक असतात. लांबी दोन-अडीच इंच. तोंड खालच्या अंगाला वळलेले आणि तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. गढूळ पाण्यात तळ चाचपत अन्न शोधणाऱ्या माशाला डोळ्यांपेक्षा या मिशांचाच आधार मोठा. पाठीवर गडद पट्टे, कुशीवर वेडेवाकडे डाग. पाठीचा पर चांगला लांब पायाचा. आणि मुख्य खूण शेपटीपाशी: शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, एक ठळक काळा ठिपका आणि त्याभोवती फिकट कडे. नराच्या डोळ्याखाली कातडीची एक छोटी झडप असते, मादीला ती नसते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन मासा त्यात सोडला आणि उजेडाकडे धरला, तर यांतल्या बहुतेक खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

घोटाळा होतो तो शेजाऱ्यांमुळे. त्याच पाण्यात, त्याच आकाराचे आणि जवळपास त्याच रंगाचे आणखी मासे असतात. वाळूत अंग पुरून बसणारा लेपिडोसेफॅलिक्थिस वरवर मुरीसारखाच दिसतो, पण त्याच्या डोळ्याखाली दोन टोकांचा एक काटा असतो आणि तो उभा करता येतो. मुरीला असा काटा नाही. दुसरा शेजारी इंडोरिओनेक्टिस. त्याच्या पुढच्या नाकपुडीची कड मिशीसारखी लांब वाढलेली असते, त्यामुळे मिशांच्या चार जोड्या असल्याचा भास होतो, आणि पाठीचा पर आखूड व मागे सरकलेला असतो. खरपी नावाची मासळीही तळाशीच राहते, पण ती वेगळ्याच कुळातली. पोटाखालचे दोन्ही पर एकमेकांना जोडलेले दिसले की ती लगेच वेगळी काढता येते. नदीकाठच्या माणसांना हे फरक पाठ असतात. पुस्तकांना ते नीट मांडायला फार काळ लागला.

कारण साइक्स यांनी वर्णन केलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने कुठल्याच संग्रहालयात सापडत नाहीत. कोबायटिस मूरेहचाही नमुना नाही. माशाची जात ठरवताना वाद झाला तर अभ्यासक मूळ नमुन्याच्या बाटलीकडे जातात. इथे बाटलीच नव्हती. होते ते काही ओळींचे वर्णन, चित्र आणि मराठी नाव.

त्यातच उत्तरेकडून एक मोठे नाव आले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात कोबायटिस बोटिया ही जात वर्णिली होती. तिलाही शेपटीपाशी तसाच ठिपका. पुढच्या काळात सिंधूच्या खोऱ्यापासून पार आग्नेय आशियापर्यंत असा ठिपका दिसला की ‘बोटिया’ म्हणायचा प्रघात पडला. हजारो मैलांच्या पसाऱ्यातले, एकमेकींत न मिसळणाऱ्या नद्यांमधले मासे एका नावाखाली जमा झाले. छोट्या आणि बाजारात किंमत नसलेल्या माशांच्या वाट्याला हे नेहमीच आले आहे. महसीरसारख्या गळाला लागणाऱ्या माशावर गोऱ्या शिकाऱ्यांनी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. मुरीकडे पुन्हा निरखून पाहायला कुणाला फुरसत नव्हती.

तरी पुण्याच्या आसपास कुणी ना कुणी पाण्यात उतरत राहिले. मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतले फ्रान्सिस डे यांना पुण्याहून कर्नल इव्हझार्ड मासे पुरवत. त्यांतल्या तळच्या एका माशाला डे यांनी १८७२ मध्ये ‘नेमॅकिलस इव्हझार्डी’ असे नाव दिले. हाच आजचा इंडोरिओनेक्टिस. १९१९ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी मुख्यतः सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या माशांवर टिपण लिहिले. खंडाळ्याच्या ओहोळातला एक चिमुकला मासा त्यांनी नवी जात म्हणून नोंदवला आणि दोनच वर्षांनी सुंदरलाल होरा यांनी त्याच्यासाठी ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस’ हा स्वतंत्र वंश उभा केला. धबधबत्या पाण्यात टिकून राहण्यासाठी माशांची अंगे कशी बदलतात, यावर होरा यांनी आयुष्यभर काम केले. १९४२ मध्ये फ्रेझर यांची आणि १९४४ मध्ये सूटर यांची पुण्याच्या माशांवरची टिपणे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. आज मुळा-मुठेतून काय नाहीसे झाले हे सांगायचे तर याच जुन्या याद्या समोर ठेवाव्या लागतात.

या सगळ्या काळात मुरी मात्र कुणाच्या नोंदीची वाट पाहत थांबलेली नव्हती. मावळात पहिला मोठा पाऊस झाला की ओढे फुगतात आणि मासे अंडी घालायला वरच्या अंगाला, भाताच्या खाचरांकडे चढू लागतात. या चढणीच्या माशांची वाट कातकरी, ठाकर, महादेव कोळी वर्षभर पाहतात. देशावर नदीकाठचे भोई पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी जाणतात. बारक्या माशांत मुऱ्या असतातच. त्यांना राख चोळून बुळबुळ काढायची, पोट दाबून साफ करायचे आणि अख्ख्याच कालवणात टाकायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलेल्या घरात हे फुकटचे, ताजे अन्न होते. चढणीला सरसकट जाळी लावली तर अंड्यांवर आलेल्या माद्याच आधी संपतात, हेही खरे आहे आणि ते सांगायलाच हवे.

पण मुरीचा खरा घात जाळ्याने केलेला नाही. तिला लागते ते वाहते, हवेशीर पाणी आणि तळाशी मोकळी खडी-वाळू. धरण झाले की वरच्या अंगाला पाणी थांबते आणि गाळ बसतो. खडीच्या फटी बुजल्या की लपायला जागा नाही, खायला किडे नाहीत. वाळूउपसा तळच उचलून नेतो. शहराचे सांडपाणी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. वरच्या थरात पोहणारा मासा थोडा इकडेतिकडे सरकू शकतो. तळाशीच जगणाऱ्याला तळ गेला की काही उरत नाही.

मुरीची कागदावरची सुटका २०१५ मध्ये झाली. रँडल सिंगर आणि लॉरेन्स पेज या अमेरिकी अभ्यासकांनी बोटियाच्या सगळ्या पसाऱ्याची फेरतपासणी केली, त्यातून पाच नव्या जाती वेगळ्या काढल्या आणि दक्षिणेच्या पठारावरची मुरी ही गंगेच्या बोटियाहून निराळी, स्वतंत्र जात असल्याचे मान्य केले. तिचे आजचे शास्त्रीय नाव पॅराकँथोकोबायटिस मूरेह. साइक्स यांनी दिलेले नाव पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा हक्काच्या जागी आले. इव्हझार्डच्या माशाचीही अशीच छाननी सुरू झाली असून २०२१ मध्ये उत्तर सह्याद्रीतून त्याच्या वंशातल्या आणखी दोन जाती वर्णिल्या गेल्या.

आंबोलीची गोष्ट याच धाग्यातली आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात राहणारा एक तळचा मासा २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने जगापुढे आला. देवस्थानामुळे ते पाणी आजवर राखले गेले होते. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने जैवविविधता कायद्याखाली त्या २.११ हेक्टर जागेला वारसास्थळाचा दर्जा दिला. एका चिमुकल्या माशासाठी महाराष्ट्राने एवढे केले, ही मनापासून अभिमान वाटावी अशी घटना आहे. मुरीच्या पाण्याला असा दर्जा मिळणे अवघड, कारण ती एका कुंडात राहत नाही. अनेक नद्यांत पसरलेली आहे आणि त्या नद्या आपल्या शहरांतून, शेतांतून वाहतात.

त्याच २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. पुष्कळ गावांत ती कुणीतरी बाहेरचा माणूस घाईने भरून देतो आणि माशांच्या रकान्यात रोहू, कटला, तिलापिया अशी तळ्यात सोडलेल्या माशांची नावे येतात. गावात अजून भोई, ठाकर, कातकरी म्हातारी माणसे आहेत. तळच्या माशांना ती काय म्हणतात, कुठला मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात दिसायचा आणि कधीपासून दिसेनासा झाला, हे त्यांना बसून विचारा. माशाचा फोटो पट्टीशेजारी ठेवून काढा, शेपटीचा ठिपका दिसेल असा. आणि त्यांनी सांगितलेले नाव त्यांच्याच उच्चारात त्या नोंदवहीत लिहा.