पैठ, परपैठ आणि दहाची नोट

स्टेशनबाहेरच्या पार्किंग स्टँडवर रोख पैसे घेणे बंद करा, हे मत आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आता जवळपास सर्वमान्य झाले आहे. लोकलच्या डब्यात विषय काढा नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर, शिकलासवरलेला माणूस हेच सांगतो. रोख आली की पावती मिळत नाही, सुट्ट्यांवरून हुज्जत होते, मागे रांग लागते आणि पालिकेच्या तिजोरीत काय पडते ते देव जाणे. स्कॅन केले की पैसे थेट खात्यात, हिशेब चोख. चारचाकीला तर फास्टॅग आहेच.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचे व्यापारी शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य झाले, त्यामुळे दहा रुपयांच्या व्यवहारातही स्टँडवाल्याचे काही कापले जात नाही. ही मोठी सोय आहे आणि ती मी रोज वापरतो. दहातले नऊ दिवस मी स्कॅन करूनच स्कूटर लावतो. तरीही ‘फक्त स्कॅन’ हा हट्ट मला मान्य नाही. ज्या चोरीच्या मुद्द्यावर हे मत सर्वांत भक्कम वाटते, नेमके तिथेच ते लंगडे आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. आधी वसूल झालेले नंतर दाखवणे, नंतरचे आधी दाखवणे, थोडे आले ते फार लिहिणे, फार आले ते थोडे लिहिणे, एकाकडून आलेले दुसऱ्याच्या नावावर चढवणे. यादी वाचत गेलो की कळते, खोट नाण्यापेक्षा नोंदीत जास्त असते. आमच्या स्टँडचेही तेच आहे. समजा दिवसभरात तीनशे गाड्या लागल्या आणि वहीत दोनशे चढल्या, तर उरलेल्या शंभरांचे पैसे नोटांनी आले की मोबाइलने, याने काय फरक पडतो? दोरीने लटकवलेला तो लॅमिनेट केलेला कोड कुणाच्या खात्याचा आहे, हे किती जण बघतात? स्क्रीनवर नाव उमटते, पण आपले डोळे इंडिकेटरवर असतात.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कधीच येत नाही. ठेका ठरावीक रकमेला गेला असेल, तर पालिकेला लिलावात ठरले तेवढेच मिळते. गिऱ्हाइकाने पैसे कसे दिले याचा त्या वर्षाच्या तिजोरीशी संबंध नाही. संबंध येतो तो पुढच्या लिलावात, आणि तिथे उपयोगी पडते ती गाड्यांची मोजणी. म्हणून चोरी थांबवायची तर गेटवर गाडी मोजा, छापील अनुक्रमांकाची पावती द्या, दराचा फलक ठळक लावा. हे तीन केले की दहाची नोट निर्दोष ठरते. हे न करता नुसता कोड टांगला, तर गळती फक्त दिसेनाशी होते.

आता वेळेचा मुद्दा. मागच्या पावसाळ्यातली एक सकाळ सांगतो. स्टँडचे नाव घेत नाही, कारण दोष एकाचा नाही. अंगावर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, बोटे ओली. अंगठा लागेना म्हणून नंबर टाकून मोबाइल उघडला. कोडच्या प्लॅस्टिकवर पाण्याचे थेंब, स्कॅन होईना. झाले तेव्हा पिन टाकला आणि चक्र फिरत राहिले: ‘प्रोसेसिंग’. साउंडबॉक्स गप्प. मी खिशातून वीसची नोट काढली, तर स्टँडवरचा मुलगा म्हणाला, ‘काका, कॅश नाही घ्यायची, वरून सांगितलंय.’ माझ्या मागे नर्सच्या पांढऱ्या बुटांतली एक बाई स्कूटरवर होती. तिच्या मुठीत दहाच्या दोन नोटा आधीच घडी घालून तयार होत्या. ती सकाळ तिने घरूनच हिशेबात धरली होती. माझे चक्र फिरत असताना तिची लोकल फलाटाला लागल्याची घोषणा झाली. तिने एकदा मुलाकडे, एकदा माझ्या मोबाइलकडे पाहिले आणि गाडी वळवून ती निघून गेली. त्या सकाळी तिच्या दोन नोटांइतके वेगवान साधन त्या गेटवर दुसरे नव्हते.

कुणी म्हणेल, हा अपवाद झाला. मग २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ हे दिवस आठवा, देशभर यूपीआय काही काळ अडखळले होते. आणि आमच्या पट्ट्याला तर अपवादाची सवय आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवशी वीज, टॉवर आणि बॅटरी एकामागोमाग जातात. गाडी मात्र स्टँडवरच असते आणि ती सोडवून घरी न्यायची असते.

इथे मला हुंडी आठवते. १९४९ साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले आणि सिंधमधून आलेल्या माणसांनी त्या छावणीचा बाजार केला. त्याच सिंधमधल्या शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एके काळी कंदाहार-बुखाऱ्यापर्यंत वटत. रोकड न हलवता पैसा पोचवण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. पण त्या सराफांचे शहाणपण हुंडीइतकेच पुढच्या तजविजीत होते. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, ती पैठ. पैठही गहाळ झाली तर परपैठ. पहिला कागद बुडाला म्हणून माणसाचे पैसे बुडू द्यायचे नाहीत, हे त्यांनी व्यवहार सुरू होण्याआधीच ठरवून ठेवले होते. आमच्या स्टँडवर हुंडी आली, पैठ काढून टाकली आणि तिलाच सुधारणा म्हटले गेले.

फास्टॅगचे उत्तर थोडक्यात देतो. तो दुचाकीला नसतोच, कारण राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. विमानतळावर तो उत्तम चालतो, पण आमच्या स्टेशनांबाहेर स्कूटर आणि मोटारसायकलींच्या रांगा असतात. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आले, तेही सांगितले जाते. पण मागे हॉर्न वाजत असताना फोन लावून त्यातला आवाज ऐकत पैसे भरून पाहा.

प्रगतीचा दाखला म्हणून धसईचे नाव हमखास येते. धसई आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातले गाव. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ ला ते राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. हेतू चांगला होता, दुकानादुकानांत यंत्रे आली. पुढे तिथेही रोखीने परत जम बसवल्याच्या बातम्या आल्या. यात गावाचा पराभव मला दिसत नाही. माणसांनी दोन्ही साधने हाताशी ठेवली, एवढेच. आणि प्रगतीच मोजायची तर नॉर्वे पाहा. जगात सर्वांत कमी रोख वापरणाऱ्या देशांपैकी तो एक. त्याने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने अधिक पक्का केला. यंत्रणा कोलमडली तर काय, आणि ज्यांना डिजिटल जमत नाही त्यांचे काय, हेच तिथले कारण.

कायद्याची बाजू मी ताणणार नाही. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ चे कलम २६ नोटेला वैध चलन ठरवते. २०११ चा नाणे कायदा रुपयापासून पुढच्या नाण्यांना एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी तोच मान देतो. यावरून प्रत्येक खासगी दुकानदाराला रोख घ्यावीच लागते असे सरळ निघत नाही, त्यावर वाद होऊ शकतो. पण सार्वजनिक जागेवर, सार्वजनिक संस्थेच्या ठेक्यावर चाललेल्या स्टँडने देशाचे चलन परत करावे हे मला पटत नाही. दहाच्या नाण्याची सर्व रूपे चालतात हे रिझर्व्ह बँकेने पुनःपुन्हा सांगूनही ते नाकारले जाते, आणि ते घेऊन उभा असलेला माणूस बहुधा वाद घालण्याच्या स्थितीत नसतो.

मग करायचे काय? मुळात रोख की स्कॅन हा प्रश्नच अर्धवट आहे; गाडी कोण आणि किती वेळ लावतो, ते आधी पाहायला हवे. जगातले पहिले पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ ला ओक्लाहोमा सिटीत बसले. दिवसभर अडकून पडणारी जागा दुकानांच्या गिऱ्हाइकांसाठी मोकळी व्हावी, म्हणून ते बसवले होते. उल्हासनगरच्या कापडबाजारातली पार्किंग त्या जातीची आहे. गिऱ्हाईक बाहेरगावचे, तासा-दोन तासांचे, दोन्ही हातांत गाठोडी. त्याला नोट आणि स्कॅन दोन्ही हवे, आणि पैसे गाडी लावतानाच घेतले पाहिजेत.

बदलापूर-अंबरनाथच्या स्टेशनांवरचा माणूस वेगळा. तो रोज येतो, त्याच वेळी येतो, गाडी बारा तास ठेवतो. त्याच्याकडून रोज पैसे घेणे हाच वेळेचा अपव्यय आहे. रेल्वेने हे कधीच ओळखले, म्हणून लोकलचा पास आहे. स्टँडवरही मासिक पास हे पहिले साधन हवे, आणि तो रोखीनेही निघायला हवा. ज्याला महिन्याचे पैसे एकदम जड जातात, त्याच्यासाठी कुपनांचे पुस्तक छापा. पूर्वी स्टेशनवर लोकलच्या तिकिटाची कुपने पंच करण्याची यंत्रे होती, कूपन यंत्रात सरकवताना होणारा आवाज अजून अनेकांच्या कानात असेल. मोबाइल लागत नव्हता, सुट्टे लागत नव्हते, रांग तर नव्हतीच. ती कल्पना स्टँडसाठी पुन्हा आणायला काहीच हरकत नाही. त्याखालोखाल संस्थेच्या नावाचा कोड, मग पावतीसह रोख. आणि सगळेच अडले तर गाडीचा नंबर वहीत लिहून ‘उद्या द्या’. हीच परपैठ.

ठेक्याच्या अटींत या गोष्टी दोन ओळींत मावतात. अनामत किती, मुदत किती, दर काय, हे तिथे बारकाईने लिहिले जाते. पैसे घेण्याची साधने कोणती आणि पहिले बंद पडले तर दुसरे कोणते, हेही तिथेच लिहायला हवे. म्हणजे गेटवरच्या मुलाला ‘वरून सांगितलंय’ म्हणून कुणाला परत पाठवावे लागणार नाही. त्या सकाळी माझे पैसे शेवटी गेले, साउंडबॉक्स बोलला, मी पळत जाऊन लोकल पकडली. त्या बाईंनी गाडी कुठे लावली आणि त्या कामावर केव्हा पोचल्या, ते मला कळले नाही.