एका प्रश्नाची पन्नास वर्षे

गोष्ट आहे १ एप्रिल २०१८ ची, ईस्टरच्या रविवारची. एनबीसी वाहिनीवर 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या संगीत नाटकाचा प्रयोग थेट दाखवत होते. जेवणं लवकर आटोपून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. प्रयोग संपला आणि मुलीने विचारले, "बाबा, मग जूडास वाईट होता का?"

जूडास म्हणजे मराठी बायबलमधला यहूदा. चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला पकडून देणारा शिष्य. उत्तर सोपे असायला हवे होते, पण मला पटकन 'हो' म्हणता येईना!

मला वाटते, या नाटकाच्या दीर्घायुष्याचे रहस्य याच अडखळण्यात आहे.

अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या दोन इंग्रज तरुणांनी हे लिहिले तेव्हा ते ऐन विशीत होते. अशा विषयावर नाटक काढायला कोणी निर्माता तयार होईना. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी एकच गाणे ध्वनिमुद्रित केले आणि १९७० मध्ये पूर्ण अल्बम काढला. आमच्या आयटीच्या भाषेत, आधी प्रोटोटाइप आणि मग प्रॉडक्ट! अमेरिकेत तो अल्बम विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि १२ ऑक्टोबर १९७१ ला नाटक ब्रॉडवेवर आले. दारात निदर्शने झाली. काही ख्रिस्ती मंडळींना ती ईश्वरनिंदा वाटली, तर ज्यू संघटनांना येशूच्या मृत्यूचा ठपका पुन्हा आपल्या समाजावर येईल अशी चिंता वाटली. तिथे ७११ प्रयोग झाले. लंडनला मात्र १९७२ ते १९८० या काळात तब्बल ३,३५८!

कथा येशूच्या अखेरच्या सात दिवसांची, शुभवर्तमानांतलीच. पण ती सुरू होते यहूदाच्या गाण्याने. लोक या माणसाला देव करू लागले आहेत, रोमन सत्ता हे सहन करणार नाही आणि सगळ्यांचाच चुराडा होईल, ही त्याची भीती. खलनायक नव्हे, काळजीने पोखरलेला मित्र! नाटक वधस्तंभापाशी थांबते, पुनरुत्थान दाखवत नाही. श्रद्धावंत पुढचे मनात पूर्ण करतो, दुसऱ्याला एका माणसाची शोकांतिका दिसते. दोघेही आपापले उत्तर घेऊन घरी जातात.

आपल्या मुंबईनेही हे नाटक १९७४ मध्ये पाहिले. दिग्दर्शक अ‍ॅलेक पदमसी आणि यहूदा झाला होता नंदू भेंडे, आत्माराम भेंडे यांचा मुलगा. हाच नंदू पुढे 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये मराठी रंगभूमीवर गाजला.

आणि खरे तर आपल्याला हा प्रश्न नवा नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली १९६७ मध्ये, या अल्बमच्या तीनच वर्षे आधी. कौरवांच्या बाजूने लढलेल्या कर्णाला त्याच्याच तोंडून बोलू दिले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचक रडला. म्हणून महाभारतावरची कोणाची श्रद्धा कमी झाली नाही.

त्या रात्री मी मुलीला कर्णाची गोष्ट सांगितली. रथाचे चाक रुतल्याच्या प्रसंगाशी तिने थांबवले. "म्हणजे कृष्णाने चीटिंग केलं?" 'देवाबद्दल असं बोलू नये' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. लहानपणी मला तेच ऐकायला मिळाले आणि मी पुढची वीस वर्षे काही विचारले नाही!

आपण इथे मुलांना गोष्टी देतो, श्लोक पाठ करून घेतो आणि वर तक्रार करतो की पोरांना गोडी नाही. गोष्ट टिकते ती प्रश्न विचारू दिल्याने. ज्या नाटकाच्या दारात एकेकाळी निषेधाचे फलक होते, ते २०१८ मध्ये ईस्टरच्या दिवशी घरोघरी पाहिले गेले, हा त्याचा पुरावा.

मी ओठांवरचे शब्द गिळले आणि तिलाच विचारले, "तुला काय वाटतं?" झोपायला साडेबारा वाजले. दुसऱ्या दिवशी शाळा होती, पण असो!